स्वतः कंपाइल केलेलं एक्सएफसीई पुन्हा पुन्हा लॉगिनवर परत पाठवतं, तेव्हा

पासवर्ड बरोबर असतो, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि लॉगिनचा चौकोन पुन्हा समोर येतो. कधी आत शिरता येतं, पण पॅनेल रिकामं असतं, वॉलपेपर मूळचंच दिसतं आणि खिडक्यांना वरची पट्टी नसते. डिस्ट्रोसोबत (म्हणजे डेबियनसारख्या तयार लिनक्स संचासोबत) आलेल्या एक्सएफसीई डेस्कटॉपशेजारी त्याचीच नवी आवृत्ती सोर्समधून कंपाइल करून बसवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. ती एकदा मिटली असं वाटतं आणि काही दिवसांनी कुठल्याशा अपडेटनंतर पुन्हा उगवते.

मी इथे एकच उदाहरण धरून लिहितो आहे : डेबियन १२ वर एक्सएफसीई ४.२०. ‘डेबियन १२’ हे जून २०२३ मध्ये आलं आणि त्यात एक्सएफसीई ४.१८ आहे. ४.२० ही आवृत्ती १५ डिसेंबर २०२४ ला आली. ‘डेबियन १३’ हे ऑगस्ट २०२५ मध्ये आलं तेव्हा ती अधिकृतपणे मिळाली, पण ज्यांना मधल्या काळात हवी होती किंवा ज्यांना आजही डेबियन १२ सोडता येत नाही, त्यांनी ती हाताने बांधली. बहुतेकांनी कॉन्फिगरला (बांधणीची तयारी करणाऱ्या स्क्रिप्टला) कुठे बसवायचं ते न सांगता बांधली, म्हणजे सगळं /यूएसआर/लोकलमध्ये गेलं. पुढचं सारं दुखणं तिथून सुरू होतं.

दोष ४.२० च्या कोडमध्ये क्वचितच असतो. एकाच मशीनवर एक्सएफसीईच्या दोन प्रती आहेत आणि चालू सेशन (लॉगिननंतर उभा राहणारा डेस्कटॉप) दोन्हींतले तुकडे उचलतं, हे खरं कारण आहे. अशा वेळी पुन्हा ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’ (बांधण्याची आणि बसवण्याची कमांड) चालवल्याने तुकडे योगायोगाने जुळतात आणि समस्या सुटल्यासारखी वाटते. म्हणूनच ती परत येते.

मिसळ कशी होते

डेबियनमध्ये साध्या वापरकर्त्याच्या पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) /यूएसआर/लोकल/बिन हे /यूएसआर/बिनच्या आधी येतं. त्यामुळे लॉगिन स्क्रीनवर तुम्ही जुनं, डिस्ट्रोचं सेशन निवडलंत तरी ‘स्टार्टएक्सएफसीई४’ ही स्क्रिप्ट पुढे ‘एक्सएफसीई४-सेशन’ला नुसत्या नावाने हाक मारते आणि ओ देतं ते /यूएसआर/लोकलमधलं नवं सेशन. ते पुन्हा विंडो मॅनेजर, पॅनेल, डेस्कटॉप, थुनार हा फाइल मॅनेजर यांना नावानेच बोलावतं. ‘नवं बिघडलं तर जुन्यात जाईन’ हा आधार म्हणूनच फसवा ठरतो. जुनं सेशन असं वेगळं काही उरलेलंच नसतं.

लायब्ररींचं (अनेक प्रोग्राम वाटून वापरतात त्या कोडच्या फाइलींचं) याहून नाजूक आहे. जुन्या आणि नव्या लायब्ररीचं ‘एसओनेम’ (तिच्या पोटात लिहिलेलं ओळखनाव) एकच असू शकतं. प्रोग्रामला लायब्ररी जोडून देणारा लिंकर एसओनेम बघतो, आवृत्ती बघत नाही. नव्या पॅनेलला जुनी ‘लिबएक्सएफसीई४यूआय’ मिळाली तरी तो कुरकुर करत नाही. प्रोग्राम सुरू होतो आणि जुन्या लायब्ररीत नसलेलं एखादं फंक्शन लागलं की त्या क्षणी ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ म्हणत कोसळतो. कारण फंक्शनचा पत्ता शोधण्याचं काम बहुतेक वेळा गरज पडेपर्यंत लांबवलेलं असतं. एखादा मेनू उघडेपर्यंत सगळं ठीक आणि मेनू उघडला की पॅनेल गायब, हे त्यातूनच होतं.

आता अपडेटचं कोडं. डेबियनमध्ये /यूएसआर/लोकल/लिब हे लायब्ररी शोधण्याच्या यादीत आहे, तेही आधीच्या क्रमांकावर. पण शोध प्रत्यक्ष फोल्डरमध्ये होत नाही, ‘एलडीकॉन्फिग’ने बनवलेल्या कॅशमध्ये (तयार यादीत) होतो. ‘मेक इन्स्टॉल’नंतर रूट (प्रशासक) म्हणून एलडीकॉन्फिग चालवलं नाही, तर नव्या लायब्ररी डिस्कवर असूनही कॅशमध्ये नसतात आणि नवे प्रोग्राम जुन्या लायब्ररींवर चालत राहतात. मग एके दिवशी तुम्ही कुठलंतरी भलतंच पॅकेज अपडेट करता. त्यात एखादी लायब्ररी असली की शेवटी ‘लिबसी-बिन’ या पॅकेजचा ट्रिगर आपोआप एलडीकॉन्फिग चालवतो. कॅश नव्याने बनते आणि पुढच्या लॉगिनला सगळ्या प्रोग्रामांच्या पायाखालच्या लायब्ररी बदललेल्या असतात. त्यात डिस्ट्रोचे प्रोग्रामही आले. अपडेटने काही मोडलेलं नसतं, आधीपासूनची मिसळ फक्त उघडी पडलेली असते. नेमक्या याच जागी माणसं अपडेटला दोष देतात, पॅकेजं धरून ठेवतात आणि महिनोन्‌महिने सुरक्षेचे बदल घेत नाहीत. हे थांबायला हवं, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

आधी बघायचं काय

लॉगिन परत फेकत असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनलवर जा आणि तिथे लॉगिन करा. तिथे आत शिरता आलं तर पासवर्ड आणि खातं ठीक आहे. लगेच दोन साध्या गोष्टी तपासून बाजूला करा : ‘डीएफ’ने डिस्क भरली आहे का ते, आणि होम फोल्डरमधल्या ‘.एक्सऑथॉरिटी’ची मालकी तुमचीच आहे का ते. कधीतरी सुडो लावून (प्रशासकाच्या अधिकाराने) ग्राफिकल प्रोग्राम चालवला असेल तर ती फाइल रूटच्या नावावर जाते आणि लक्षणं हुबेहूब हीच दिसतात.

मग होममधली ‘.एक्ससेशन-एरर्स’ ही फाइल शेवटाकडून वाचा. पुढच्या लॉगिनला ती नव्याने लिहिली जाते, म्हणून आधी प्रत काढून ठेवा. ‘जर्नलसीटीएल’ला ‘--यूजर’ आणि ‘-बी’ जोडून चालवलं की चालू बूटमधल्या तुमच्या खात्याच्या सेवांचं म्हणणंही कळतं.

खरा प्रश्न मात्र एकच विचारायचा : आत्ता चालतोय तो प्रोग्राम कुठल्या प्रतीतला? ‘टाइप’ला ‘-ए’ जोडून ‘एक्सएफसीई४-सेशन’ विचारा. दोन पत्ते आले तर त्यातला पहिला जिंकतो. चालू पॅनेलचा प्रोसेस क्रमांक ‘पीग्रेप’ने काढा आणि /प्रॉकमधल्या त्या क्रमांकाच्या फोल्डरातली ‘ईएक्सई’ ही लिंक ‘रीडलिंक’ने वाचा, खरा पत्ता कळेल. त्याच फोल्डरातल्या ‘मॅप्स’ फाइलमध्ये कोणत्या लायब्ररी प्रत्यक्ष उचलल्या आहेत तेही दिसतं. प्रोग्राम सुरूच होत नसेल तर त्याला कुठल्या लायब्ररी मिळतील ते दाखवणारी ‘एलडीडी’ ही कमांड वापरा. ‘लिबएक्सएफसीई’ आणि ‘लिबएक्सएफकॉन्फ’ या ओळी ज्या फोल्डरकडे बोट दाखवतात, तो आणि प्रोग्रामचा फोल्डर वेगवेगळ्या प्रतींतले असतील तर निदान झालं.

नवी प्रत वेगळ्या घरात

माझं मत ठाम आहे : डिस्ट्रोकडे जो डेस्कटॉप आधीच आहे, त्याचीच दुसरी आवृत्ती /यूएसआर/लोकलमध्ये बसवू नये. डिस्ट्रोत नसलेल्या गोष्टींसाठी ती जागा चांगली आहे. दुसऱ्या प्रतीसाठी /ऑप्ट/एक्सएफसीई असं स्वतंत्र फोल्डर करा आणि त्याची मालकी स्वतःच्या खात्याला द्या. मग बांधणीत कुठेही सुडो लागत नाही. हा फायदा मोठा आहे. सुडो तुमचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (टर्मिनलमधून प्रोग्रामांना मिळणाऱ्या नोंदी) पुसून टाकतं, त्यामुळे अर्धं काम एका समजुतीने आणि उरलेलं दुसऱ्याच समजुतीने होतं.

/यूएसआर/लोकलमधली जुनी बांधणी आधी काढा. बिल्ड फोल्डर ठेवले असतील तर प्रत्येकात ‘मेक अनइन्स्टॉल’ करा, नसतील तर हाताने शोधून पुसा आणि शेवटी एलडीकॉन्फिग चालवा. हे पुरं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बांधताना दरवेळी कॉन्फिगरला प्रीफिक्स (बसवण्याची जागा) म्हणून /ऑप्ट/एक्सएफसीई द्या. शिवाय टर्मिनलमध्ये दोन व्हेरिएबल हवेत. ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’मध्ये (बांधताना लायब्ररींची माहिती शोधायच्या यादीत) /ऑप्ट/एक्सएफसीई/लिब/पीकेजीकॉन्फिग सर्वांत पुढे द्या. ‘एलडीफ्लॅग्ज’मध्ये ‘-डब्ल्यूएल’ पर्यायातून आरपाथ म्हणून /ऑप्ट/एक्सएफसीई/लिब द्या. आरपाथमुळे प्रत्येक नव्या प्रोग्रामच्या पोटातच लायब्ररीचा पत्ता लिहिला जातो. मग एलडीकॉन्फिग लागत नाही, ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ लागत नाही, आणि डिस्ट्रोच्या प्रोग्रामांना नव्या लायब्ररींचा वाराही लागत नाही. हे दोन्ही व्हेरिएबल एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवा आणि दरवेळी ती ‘सोर्स’ करा. नवं टर्मिनल उघडलं की एक्सपोर्ट केलेलं सगळं विसरलं जातं, आणि डिस्ट्रोची कंपाइल करण्यासाठीची ‘-डेव्ह’ पॅकेजं मशीनवर असतील तर कॉन्फिगर मुकाट्याने ४.१८ च्या हेडरवर बांधतं.

बांधण्याचा क्रम असा : लिबएक्सएफसीई४यूटिल, एक्सएफकॉन्फ, लिबएक्सएफसीई४यूआय, ४.२० मध्ये आलेलं लिबएक्सएफसीई४विंडोइंग, गार्कन, एक्सो, मग पॅनेल, थुनार, सेटिंग्ज, सेशन, एक्सएफडेस्कटॉप, एक्सएफडब्ल्यूएम४ आणि उरलेलं. प्रत्येक लायब्ररी बसवल्यावर ‘पीकेजी-कॉन्फिग’ला ‘--मॉडव्हर्जन’ने तिची आवृत्ती विचारा. उत्तर ४.१८ आलं तर तिथेच थांबा. या एका सवयीने नंतरचे कितीतरी तास वाचतात. जीटीके (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) मात्र स्वतः बांधू नका. ४.२० ला जीटीके ३.२४ पुरतं आणि डेबियन १२ मध्ये ते आहे. जीटीके आणि पँगोची (अक्षरं मांडणाऱ्या लायब्ररीची) दुसरी प्रत आणलीत तर देवनागरीच्या जोडाक्षरांपासून फाइल निवडण्याच्या खिडकीपर्यंत सगळंच संशयाखाली येतं.

इतकं करूनही पॅनेल रिकामं का

इथे बरेच जण अडकतात. आरपाथ बरोबर आहे, एलडीडी स्वच्छ आहे, झेफिरमध्ये (चालू डेस्कटॉपवरच एका खिडकीत दुसरी स्क्रीन उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवून बघितलं तर डेस्कटॉप उत्तम चालतो, आणि खऱ्या लॉगिनमध्ये तोच मोडतो. उत्तर डी-बसमध्ये, म्हणजे प्रोग्रामांना एकमेकांशी बोलू देणाऱ्या सेवेत आहे.

एक्सएफसीईच्या सगळ्या सेटिंग्ज ‘एक्सएफकॉन्फडी’ या सेवेकडून येतात. ती कोणी हाताने सुरू करत नाही. पॅनेल डी-बसकडे ‘ओआरजी.एक्सएफसीई.एक्सएफकॉन्फ’ हे नाव मागतं आणि डी-बस आपल्या सर्व्हिस फाइलींमधून शोधून सेवा उभी करतं. या फाइली ‘एक्सडीजी_डेटा_डर्स’मधल्या फोल्डरांत शोधल्या जातात. तुमच्या स्क्रिप्टमध्ये तो व्हेरिएबल बरोबर असतो, पण सेशन बस (तुमच्या लॉगिनची डी-बस) तुमच्या स्क्रिप्टच्या आधीच, सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या यूजर मॅनेजरने सुरू केलेली असते. तिला /ऑप्ट ठाऊकच नाही. डिस्ट्रोचं एक्सएफकॉन्फ काढून टाकलं असेल तर लॉगमध्ये ‘वॉज नॉट प्रोव्हायडेड बाय एनी .सर्व्हिस फाइल्स’ अशी ओळ येते आणि सेटिंग्ज मिळत नाहीत म्हणून सगळं मूळ अवस्थेत दिसतं. काढलेलं नसेल तर बस ४.१८ ची सेवा उभी करते. बहुतेक वेळा ती चालूनही जाते, आणि त्यामुळेच घोळ लवकर सापडत नाही.

‘डीबस-अपडेट-ॲक्टिव्हेशन-एन्व्हायर्नमेंट’ चालवा, असा सल्ला अनेकदा मिळतो. त्याने बस ज्या सेवा सुरू करते त्यांचं एन्व्हायर्नमेंट बदलतं. बस स्वतः ज्या फोल्डरांत शोधते ती यादी तिच्या जन्माच्या वेळच्या एन्व्हायर्नमेंटवरून ठरलेली असते, ती या कमांडने बदलत नाही.

आणखी एक वळण आहे. सर्व्हिस फाइलमध्ये ‘सिस्टिमडीसर्व्हिस’ अशी ओळ असेल तर बस ते काम सिस्टिमडीवर सोपवते आणि सिस्टिमडी आपल्या यादीतलं त्या नावाचं युनिट (सेवा कशी सुरू करायची ते सांगणारी फाइल) चालवतं. ते डिस्ट्रोचं असेल तर सर्व्हिस फाइल नवी असूनही सेवा जुनीच उभी राहते. ‘सिस्टिमसीटीएल --यूजर कॅट’ पुढे ‘एक्सएफकॉन्फडी’ लिहून बघा. वरच्या ओळीतला फाइलचा पत्ता आणि खालच्या ‘एक्झेकस्टार्ट’मधला पत्ता सगळं सांगून टाकतो. थुनारलाही हीच तपासणी लावा.

झेफिरमध्ये हे का होत नाही? कारण तिथे आपण ‘डीबस-रन-सेशन’ लावून नवी बस काढतो. ती टर्मिनलचं एन्व्हायर्नमेंट घेऊन जन्मते आणि सिस्टिमडीला विचारत नाही. हाच फरक आपण कामाला लावू शकतो.

/ऑप्ट/एक्सएफसीई/बिनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहा. पाथच्या पुढे /ऑप्ट/एक्सएफसीई/बिन जोडा. एक्सडीजी_डेटा_डर्समध्ये /ऑप्ट/एक्सएफसीई/शेअर, मग /यूएसआर/लोकल/शेअर, मग /यूएसआर/शेअर, याच क्रमाने द्या. शेवटचा राहिला तर मेनूतले डिस्ट्रोचे सगळे प्रोग्राम आणि चिन्हं नाहीशी होतात. एक्सडीजी_कॉन्फिग_डर्समध्ये /ऑप्ट/एक्सएफसीई/ईटीसी/एक्सडीजी आणि मग /ईटीसी/एक्सडीजी. शेवटच्या ओळीत ‘एक्झेक डीबस-रन-सेशन’ आणि स्टार्टएक्सएफसीई४ चा पूर्ण पत्ता. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी द्या.

लॉगिन स्क्रीन दाखवणारं लाइटडीएम सेशनच्या फाइली /यूएसआर/शेअर/एक्ससेशन्समध्ये शोधतं, /ऑप्टमध्ये नाही. म्हणून तिथे एक नवी .डेस्कटॉप फाइल ठेवा, नाव ‘एक्सएफसीई ४.२० ऑप्ट’ असं स्पष्ट द्या आणि ‘एक्झेक’मध्ये स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता लिहा. ‘ट्रायएक्झेक’मध्ये चुकीचा पत्ता असेल तर सेशन यादीत दिसतच नाही, हे लक्षात असू द्या.

वेगळ्या बसची किंमतही आहे. सिस्टिमडीने लॉगिनच्या वेळी सुरू केलेल्या सेवा जुन्या बसवर राहतात आणि जतन केलेले पासवर्ड सांभाळणारी की-रिंग पुन्हा पासवर्ड मागू शकते. ते नको असेल तर ‘.कॉन्फिग/एन्व्हायर्नमेंट.डी’मध्ये तेच व्हेरिएबल लिहून यूजर मॅनेजरलाच शहाणं करता येतं आणि युनिट फाइली ‘सिस्टिमसीटीएल --यूजर लिंक’ने जोडता येतात. पण मग त्या खात्याचं प्रत्येक सेशन नव्या प्रतीकडे झुकतं. हा मार्ग धरायचा असेल तर त्यासाठी वेगळं खातंच काढा. तसंही दोन आवृत्त्यांनी एकच ‘.कॉन्फिग/एक्सएफसीई४’ फोल्डर वापरणं धोक्याचं आहे. त्याची प्रत काढल्याशिवाय नव्या सेशनमध्ये पहिलं पाऊल टाकू नका. त्यातल्या एक्सएमएल फाइली हाताने बदलायच्या असतील तर एक्सएफकॉन्फडी बंद असताना बदला, नाहीतर ती आपल्या स्मरणातलं जुनंच पुन्हा लिहून टाकते.

उरलेल्या तक्रारी

खिडक्यांना वरची पट्टी नसेल, हलवता येत नसतील, तर विंडो मॅनेजर सुरू झालेला नाही. तात्पुरतं ‘एक्सएफडब्ल्यूएम४ --रिप्लेस’ चालवा. दर लॉगिनला हेच होत असेल तर दोष जतन केलेल्या सेशनमध्ये आहे : एकदा विंडो मॅनेजर कोसळलेला असताना लॉगआउट केलं की त्याच्याशिवायचीच यादी जतन होते आणि पुढे तीच उभी राहते. टर्मिनलवरून ‘.कॅश/सेशन्स’ रिकामं करा आणि सेशन जतन करण्याचा पर्याय बंद ठेवा.

व्हिस्कर मेनू किंवा आवाजाचं प्लगइन दिसत नसेल तर ते मोडलेलं नाही. नवं पॅनेल फक्त स्वतःच्या घरातली प्लगइन बघतं. तीही त्याच प्रीफिक्सने कंपाइल करावी लागतात. थुनारच्या प्लगइनचंही तेच.

लॅपटॉपच्या स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होत नसेल तर पॉवर मॅनेजरची पोलकिट (परवानग्या ठरवणारी सेवा) फाइल बघा. डेबियन १२ मधलं पोलकिट /ऑप्टमध्ये शोधत नाही. ती फाइल /यूएसआर/शेअर/पोलकिट-१/ॲक्शन्समध्ये ठेवावी लागते आणि तिच्या आतला मदतनीस प्रोग्रामचा पत्ता /ऑप्टमधलाच असावा लागतो.

माटे हा दुसरा डेस्कटॉप बांधणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना : तिथे सेटिंग्ज जीसेटिंग्जमधून येतात. ‘ग्लिब-कंपाइल-स्कीमाज’ चालवलेलं नसेल तर स्कीमा (सेटिंग्जचा आराखडा) सापडत नाही म्हणून ग्लिब प्रोग्राम सरळ बंद पाडते. लक्षण तेच, लॉगिनवर परत.

मराठी टाइप होत नाही ही तक्रार नव्या सेशनमध्ये हमखास येते, विशेषतः टर्मिनलवरून ‘स्टार्टएक्स’ कमांडने डेस्कटॉप सुरू करणाऱ्यांकडे. डेबियनमध्ये आयबस (वेगवेगळ्या भाषांत टाइप करू देणारा प्रोग्राम) सुरू करण्याचं काम ‘आयएम-कॉन्फिग’ करतं आणि ते /ईटीसी/एक्स११/एक्ससेशन.डी मधून चालतं. होममध्ये स्वतःची ‘.एक्सइनिटआरसी’ असेल तर स्टार्टएक्स तो सगळा भाग वगळतं. टर्मिनलमध्ये ‘प्रिंटएन्व्ह’ चालवून ‘जीटीके_आयएम_मॉड्यूल’ रिकामं आहे का बघा. असेल तर ते व्हेरिएबल त्या फाइलमध्ये एक्सपोर्ट करा आणि ‘आयबस-डेमन’ला ‘-डीआरएक्स’ हे पर्याय देऊन सेशनच्या ऑटोस्टार्टमध्ये घाला. ज्यांना फक्त इनस्क्रिप्ट हवं आहे त्यांना आयबसची गरजच नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय आराखड्यांतला मराठी निवडला की काम होतं. अक्षरं उमटतात पण जोडाक्षरं तुटतात किंवा चौकोन दिसतात, असं असेल तर डेस्कटॉपला हात लावू नका. लोहित किंवा नोटोचा देवनागरी फॉन्ट बसवलेला आहे का ते पाहा.

डेबियन १३ वर जायचं ठरवाल तेव्हा अपग्रेडच्या आधी हे सगळं उतरवा. /ऑप्ट/एक्सएफसीई, एक्ससेशन्समधली .डेस्कटॉप फाइल, पोलकिटची फाइल, एन्व्हायर्नमेंट.डी मधली नोंद आणि सिस्टिमडीला जोडलेली युनिटं, इतकंच पुसायचं असतं. मग डिस्ट्रोच्या ४.१८ सेशनमध्ये एकदा लॉगिन करून ‘टाइप -ए’ मध्ये /यूएसआर/लोकल किंवा /ऑप्टमधला पत्ता येत नाही याची खात्री करा आणि तिथून अपग्रेड सुरू करा.